दोन महिन्यांची बंदी, दहा महिन्यांची बेफिकिरी

कुलाब्याच्या टोकापासून पलीकडच्या मांडवा-थळच्या किनाऱ्यापर्यंत आणि आत ठाण्याच्या खाडीपर्यंत पसरलेले पाणी नकाशावर चिमूटभर दिसते. पण देशात इतके गजबजलेले पाणी क्वचितच सापडेल. जवाहर द्वीपाकडे, म्हणजे जुन्या बुचर आयलंडकडे, तेलाची जहाजे जातात. न्हावा-शेव्याला कंटेनरची जहाजे येतात. नौदलाचा मोठा तळ इथेच आहे. गेटवेवरून घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँच सुटतात, भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवसच्या. मोटारी पोटात घेऊन जाणारी रो-रो आहे, हौशी लोकांच्या यॉट आहेत. आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथे असलेले ससून डॉक, माहूल, तुर्भे, मोरा, करंजा, रेवस, बोडणी इथले कोळी याच पाण्यात जाळी लावतात.

या पाण्याच्या सुरक्षिततेचा विषय दरवर्षी दोनदा चर्चेत येतो. एकदा 1 जूनला, मासेमारी बंदी लागू होते तेव्हा. दुसऱ्यांदा एखादी बोट बुडते तेव्हा. एरवी समज असा, की समुद्र पावसाळ्यात धोक्याचा आणि उरलेले वर्षभर बिनधोक. गेल्या पाऊणशेहून अधिक वर्षांतल्या इथल्या मोठ्या दुर्घटना महिन्यांप्रमाणे मांडून पाहिल्या तर हा समज टिकत नाही. जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, मार्च, मे हे सगळे महिने त्या यादीत येतात. पावसाळ्यातला धोका डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्यासाठी कायदा झाला. बाकीच्या महिन्यांतले धोके वेगळे आहेत, कमी नाहीत. या लेखात ते ऋतूंच्या क्रमाने पाहू.

बंदीचे दिवस

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो. तिथे 1981 चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो. त्यापलीकडे केंद्राचा बंदी आदेश लागू असतो. मोटार नसलेल्या पारंपरिक होड्या बंदीतून वगळलेल्या आहेत. 2021 मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा बऱ्याच वाढल्या, आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले.

बंदीची कारणे दोन. या दिवसांत अनेक जातींचे मासे अंडी घालतात, हे एक. नैर्ऋत्येचा वारा आणि तीन-चार मीटरच्या लाटा यांपुढे लाकडी नौकेचा निभाव लागत नाही, हे दुसरे. कोळीवाड्यांत ही समज कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. आगोट लागली, म्हणजे पावसाळा तोंडावर आला, की होड्या वर ओढायच्या, जाळी सांधायची, इंजिन उघडायचे आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात जायचे, हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला.

हा क्रम मोडल्यावर काय होते, ते या परिसराने दोन वेळा पाहिले. 17 जुलै 1947 रोजी सकाळी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढ अमावास्या तोंडावर होती, गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यात बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळायला कित्येक तास गेले. जी माणसे वाचली त्यांतली बरीच मच्छीमारांच्या होड्यांनी वाचवली. दुसरी घटना अगदी अलीकडची. 26 जुलै 2025 रोजी, बंदी संपायला पाच-सहा दिवस उरले असताना, करंजाची एक मासेमारी नौका खांदेरी बेटाजवळ उलटली. नौकेवर आठ जण होते. पाच जण कित्येक किलोमीटर पोहून किनाऱ्याला लागले, तिघे गेले. 1947 च्या आणि आजच्या तंत्रज्ञानात जमीन-अस्मानाचे अंतर पडले आहे. जुलैच्या समुद्रात मात्र काही फरक पडलेला नाही.

नौका पुन्हा पाण्यात

बंदी 1 ऑगस्टला उठते, पण मोसमी पाऊस त्या दिवशी उठत नाही. हवामान खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे तो मुंबईतून साधारण 8 ऑक्टोबरला परततो. म्हणजे कायद्याने समुद्र उघडल्यावरही दोन महिने पावसाळी हवा असते. नारळी पौर्णिमेचा दिवस मात्र दरवर्षी सरकतो. 2020 मध्ये ती 3 ऑगस्टला आली, अधिक श्रावणामुळे 2023 मध्ये 30 ऑगस्टला. पूर्वी त्या दिवसापर्यंत सगळे थांबत. आता पहिल्या आठवड्याच्या मासळीला चढा भाव मिळतो, आणि शेजारची नौका सुटली की आपली धक्क्याला बांधून ठेवणे नाखव्याला, म्हणजे नौकामालकाला, परवडत नाही. गुजरातने अलीकडे आपली बंदी 15 ऑगस्टपर्यंत लांबवली. महाराष्ट्रातही अनेक मच्छीमार संस्था तीच मागणी करत आहेत. ऑगस्टचा पहिला पंधरवडा सुरक्षित करण्याचा हा सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय आहे. अट एवढीच, की शेजारच्या राज्यांच्या तारखाही जुळल्या पाहिजेत. नाहीतर आपल्या नौका बंद आणि परराज्यातल्या चालू, अशी स्थिती होते आणि बंदी पाळणाराच मार खातो.

ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती मोठ्या जहाजांची वाट. 7 ऑगस्ट 2010 रोजी बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले, बंदराची वाहतूक काही दिवस बंद राहिली. हंगामाच्या सुरुवातीलाच मच्छीमारांचे दिवस वाया गेले, आणि तरंगणारे कंटेनर लहान नौकांना नव्या खडकासारखे झाले. चूक दोन जहाजांची होती, भुर्दंड सगळ्या उपसागराने भरला.

उधाण, भांग आणि डोलीचे गणित

या पाण्यातला सगळ्यात जुना धोका वाऱ्याचा नाही, प्रवाहाचा आहे. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाण्याची पातळी साडेचार मीटरच्याही वर जाते. एवढे पाणी सहा तासांत आत येते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर पडते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर अजून तोंडपाठ आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती.

डोल जाळ्याचा सगळा धंदा या गणितावर चालतो. समुद्रतळात ठोकलेल्या खुंटांना बांधलेले हे जाळे प्रवाहाकडे तोंड करून उभे राहते. बोंबील, जवळा, मांदेली पाण्याच्या ओढीबरोबर त्यात येतात. ओढ जास्त तशी मासळी जास्त. म्हणजे डोलकराला ज्या दिवशी चांगली मासळी मिळायची, त्याच दिवशी पाणी सर्वांत बेफाम असते. सुकतीचे, म्हणजे ओहोटीचे, पाणी खाडीतून बाहेर धावत असताना समोरून वारा लागला, तर खाडीच्या तोंडावर आखूड आणि उभ्या लाटा उठतात. लहान नौका अशाच लाटांत आडव्या होतात. करंजा-रेवसच्या तोंडाशी वाढलेले तांडेल, म्हणजे नौका चालवणारे, हे जाणतात आणि वेळ टाळतात. भाड्याने स्पीडबोट घेऊन निघालेला हौशी माणूस भरतीचे कोष्टक पाहत नाही. त्याला आकाश निळे दिसले की पुरते.

चक्रीवादळांचा काळ

ऑक्टोबर ते डिसेंबर हा मासेमारीचा भराचा हंगाम, आणि अरबी समुद्रातल्या वादळांचाही. नोव्हेंबर 2009 मध्ये ‘फयान’ हे वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. कोकणातले अनेक मच्छीमार त्या वेळी समुद्रातच होते आणि त्यांतले कित्येक परतले नाहीत. 2017 च्या ‘ओखी’ वादळात केरळ आणि तामिळनाडूतून खोल समुद्रात गेलेल्या नौकांपर्यंत इशारा वेळेवर पोचलाच नाही. त्यांतल्या कितीतरी नौका भरकटत येऊन सिंधुदुर्गातल्या देवगड बंदरात आसऱ्याला थांबल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांच्या 2021 च्या अभ्यासानुसार, 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. समुद्राचे पाणी तापत चालले आहे, हे त्याचे मुख्य कारण.

पावसाळ्यापूर्वीचा मे महिनाही याच रांगेत बसतो. 17 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ मुंबईच्या पश्चिमेने गेले. इशारा कित्येक दिवस आधी मिळाला होता. बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळची पी-305 ही कामगारांची बार्ज मात्र जागा सोडून सुरक्षित बंदरात आली नाही. ती बार्ज आणि वरप्रदा हा टग, दोन्हींवरचे मिळून ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ‘ओखी’त इशारा पोचला नव्हता, ‘तौक्ते’त पोचूनही पाळला गेला नाही. बातमी मिळणे आणि बातमीवर निर्णय घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट अवघड आहे. डिझेल आणि बर्फ भरून निघालेली नौका रिकामी परत आणायची म्हणजे सगळा खर्च अंगावर घ्यायचा. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला तरी ‘अजून एक खेप’ हा मोह सुटत नाही, तो याच हिशेबामुळे.

शांत पाण्यातले अपघात

थंडीत इथला समुद्र सपाट असतो. सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा वारा, लाट बेताची. पर्यटकांची गर्दीही तेव्हाच असते. 18 डिसेंबर 2024 च्या दुपारी गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका येऊन धडकली. पंधरा जणांचा जीव गेला. बोटीचा परवाना 84 प्रवासी आणि 6 कर्मचाऱ्यांचा होता, प्रत्यक्षात तिच्यावर शंभराहून अधिक लोक होते. बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. वारा नव्हता, लाट नव्हती, धुके नव्हते.

याच्या आधीचे दाखलेही तसेच आहेत. 24 ऑक्टोबर 2018 रोजी अरबी समुद्रातल्या नियोजित शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेल्या पाहुण्यांपैकी एका गटाची स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा मृत्यू झाला. 14 मार्च 2020 रोजी गेटवेवरून निघालेली ‘अजंता’ लाँच मांडव्याजवळ बुडाली. पोलिसांची गस्ती नौका जवळच होती, म्हणून सगळे 88 जण वाचले. ती नौका अर्धा तास लांब असती तर मार्च 2020 चा तो दिवसही ‘रामदास’च्या ओळीत लिहिला गेला असता.

शांत पाण्यातल्या अपघातांची कारणे ठरलेली असतात. क्षमतेबाहेर प्रवासी, पुढे नजर न ठेवणे, वेगवान आणि संथ नौकांना एकच वाट, खडकांची अपुरी माहिती. यांतले एकही कारण निसर्गाचे नाही.

मच्छीमारांसाठी या दिवसांतला मोठा धोका रात्रीच्या टकरीचा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरवर हिरवा आणि त्याखाली पांढरा दिवा हवा, इतर जाळी लावून असलेल्या नौकेवर तांबडा आणि त्याखाली पांढरा. हे दिवे लावले की समोरच्याला ही नौका मासेमारीत गुंतली आहे, झटकन वळणार नाही, हे कळते. प्रत्यक्षात अनेक नौकांवर एखादा झगझगीत एलईडी बल्ब तेवढा टांगलेला असतो. त्यावरून नौका कुठल्या दिशेने तोंड करून आहे, तिच्यामागे जाळे आहे की नाही, काहीच समजत नाही. भरलेल्या कंटेनर जहाजाला थांबायला किलोमीटर-दोन किलोमीटर लागतात, आणि त्याच्या नाकासमोरची काहीशे मीटरची पट्टी वरून दिसतही नाही. जहाजांच्या वाटेत त्यांना अडथळा होऊ द्यायचा नाही, हा नियम मच्छीमाराला जाचक वाटतो. तो त्याच्याच जिवासाठी आहे. दुसऱ्या बाजूने, पिढ्यांच्या मासेमारीच्या जागेतून जहाजांची वाट काढली गेली, पूल आणि जेट्ट्या उभ्या राहिल्या, आणि विचारणा मात्र शेवटी झाली, ही तक्रारही खरी आहे. वरळीच्या कोळ्यांना सागरी किनारा रस्त्याच्या खांबांमधले अंतर 60 मीटरवरून 120 मीटर करून घ्यायला मोठा लढा द्यावा लागला. 60 मीटरच्या अंतरातून नौका सुखरूप नेता येणार नाही, हे ते आधीपासून सांगत होते.

साधने आहेत, वापर नाही

उपकरणांची आज टंचाई नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे आणि मासळीच्या संभाव्य जागांचे अंदाज देते. हवामान खाते मच्छीमारांसाठी पाच दिवसांचे इशारे काढते. व्हीएचएफ रेडिओचा 16 नंबरचा चॅनेल संकटकाळासाठी राखीव आहे. इस्रोने केलेले संकटसूचक यंत्र बटण दाबताच उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला नौकेची जागा कळवते. त्याची दुसरी आवृत्ती 2024 मध्ये आली, आणि तिच्यात संदेश पोचल्याची पोचही नौकेला मिळते. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554, सागरी पोलिसांचा 1093.

अडचण वापराची आहे. किनारा दहा-पंधरा किलोमीटर मागे पडला की मोबाइल मुका होतो, तरी बऱ्याच लहान नौकांचा भरवसा मोबाइलवरच असतो. जाड फोमचे जॅकेट घालून जाळे ओढता येत नाही, म्हणून ते केबिनमध्ये कोंबले जाते किंवा उशाला घेतले जाते. कामावर घालता येईल असे सुटसुटीत जॅकेट मिळते, पण अनुदानाच्या यादीतून खरेदी करताना स्वस्तातले जाडे जॅकेट निवडले जाते. तपासणीला आलेला अधिकारी जॅकेटांची संख्या मोजतो, ती अंगात बसतात का हे पाहत नाही.

2008 च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी ‘कुबेर’ या मासेमारी नौकेवरून आले. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, नौकांवर क्रमांक आणि रंग आले, समुद्रात जाताना-येताना नोंद सुरू झाली. ही सगळी व्यवस्था देशाच्या सुरक्षेसाठी झाली. तीच माणसाच्या सुरक्षेसाठीही वापरता येते. कुठली नौका किती जणांना घेऊन कधी गेली आणि कधी परतायला हवी होती, याची नोंद धक्क्यावर खरी असेल, तर शोध सकाळऐवजी रात्रीच सुरू होतो. त्यासाठी नोंद खरी असावी लागते.

पैसा आणि माणूस

बंदीच्या दिवसांसाठी केंद्र-राज्याची बचत आणि मदत योजना आहे. त्यात पात्र मच्छीमाराने वर्षभरात दीड हजार रुपये भरायचे, सरकारचे तीन हजार मिळवून साडेचार हजार त्याला तीन महिन्यांत परत मिळायचे. एवढ्यावर घर चालत नाही. जुलैच्या शेवटी जो नियम मोडून निघतो त्याच्यावर दंड लावताना ही रक्कमही समोर ठेवली पाहिजे. गट अपघात विम्यातून मृत्यूनंतर कुटुंबाला पाच लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी खलाशाचे नाव नोंदलेले असावे लागते.

इथेच मोठे भगदाड आहे. कोकणातल्या यांत्रिक नौकांवर आज स्थानिक तांडेलाच्या हाताखाली उत्तर प्रदेश, झारखंड, आंध्र आणि नेपाळमधले खलाशी काम करतात. त्यांतल्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदा नोकरीवर आल्यावरच पाहिलेला असतो. कित्येकांना पोहता येत नाही. मराठीतला इशारा त्यांना समजत नाही, आणि नोंद नसेल तर त्यांच्या घरच्यांना विमाही मिळत नाही. मच्छीमारांच्या सुरक्षेच्या बहुतेक योजना नौकेच्या मालकाला समोर ठेवून आखलेल्या आहेत. बुडण्याचा धोका मात्र डेकवरच्या माणसाला जास्त असतो.

एकच पाणी, सात मालक

मुंबई पोर्ट ऑथॉरिटी, न्हावा-शेव्याचे जेएनपीए, महाराष्ट्र सागरी मंडळ, मत्स्यव्यवसाय खाते, नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस अशी सात खाती या एका पाण्यावर काम करतात. मोठ्या जहाजांच्या हालचालींवर बंदराची वाहतूक यंत्रणा लक्ष ठेवते. लाँच, स्पीडबोट, मासेमारी नौका आणि चाचणीवर निघालेली नौका यांच्यासाठी तशी एकत्र व्यवस्था नाही. त्यामुळे प्रत्येक अपघातानंतर त्या-त्या खात्याचा एक आदेश निघतो. ‘नीलकमल’नंतर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. आदेश बरोबरच होता, पण तो जॅकेटचा होता, टक्कर टाळण्याचा नव्हता.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांनी बंदीची एकच तारीख ठरवावी आणि ती 15 ऑगस्टपर्यंत न्यावी. तेवढ्या काळासाठी मदतीची रक्कम घर चालेल इतकी करावी. गेटवे, घारापुरी, मांडवा या पट्ट्यात वेगाची मर्यादा आणि वेगवान चाचण्यांना वेगळी जागा असावी, आणि चाचणीची सूचना प्रत्येक लाँचच्या तांडेलाला आधी मिळावी. प्रवासी बोट सुटताना माणसे मोजण्याचे काम बोटवाल्यावर न सोपवता धक्क्यावरच्या अधिकाऱ्याकडे द्यावे. मच्छीमारांना कामात घालता येतील अशी जॅकेट अनुदानात द्यावीत, आणि नौकेवरच्या प्रत्येक खलाशाची नोंद झाल्याशिवाय नौका सुटू नये. वादळाचे इशारे हिंदी, तेलुगू आणि नेपाळीतही द्यावेत.

बंदीचे दोन महिने आपल्याकडे बऱ्याच अंशी पाळले जातात, कारण त्या दिवसांत समुद्र स्वतःच धाक घालतो. उरलेल्या दहा महिन्यांत तो धाक माणसांनी एकमेकांना घालायचा असतो. सरकारी बदल व्हायला वेळ लागेल. प्रवाशाला मात्र आजपासूनच काही करता येते. घारापुरीला किंवा मांडव्याला जाताना बोट खचाखच भरलेली दिसली तर तीत चढू नका, पुढच्या बोटीची वाट पाहा. जॅकेट हातात मिळाले की ते अंगात घालून पट्टा बांधा. आणि तांडेल ‘आज पाणी बरोबर नाही, जाणार नाही’ म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत न घालता पैसे परत घेऊन घरी जा.